टी कुठे संपतो: क्यूटी हाताने मोजायची माझी पद्धत

माझ्या टेबलाच्या खणात शाळेच्या कंपासपेटीतलं एक कर्कटक आहे. थोरला दहावी झाला तेव्हा पेटी भंगारवाल्याकडे चालली होती, कर्कटक तेवढं मी काढून घेतलं. त्याच्याबरोबर एक पारदर्शक पट्टी, एक भिंग आणि टोक केलेली शिसपेन्सिल. सोलापुरात ईसीजी काढता काढता मला २६ वर्षं झाली. कामाला नवीन लागलेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात मी सांगते की क्यूटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत एका ठोक्याची वीज सुरू होऊन पुन्हा शांत होईपर्यंतचा वेळ, मशीनच्या छापील आकड्यावरून घ्यायचा नाही, कागदावर मोजायचा. तोंडी सांगितलेलं अर्धं विसरतात, म्हणून आता लिहून काढते आहे. ज्यांच्या घरात जन्मजात लाँग क्यूटीचा, म्हणजे हा वेळ जन्मापासूनच लांबलेला असण्याचा, आजार निघालाय त्यांनाही यातलं बरंच कामाला येईल. निदान डॉक्टरांनी करायचं आणि औषधही त्यांनीच द्यायचं. पण कागदच धड आला नाही तर ते तरी काय वाचणार?

कागद आधी नीट येऊ द्या

मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेलेला असतो, पेशंट जिना चढून घामाने निथळत येतो आणि आपण लगेच चिमटे लावतो. असा ईसीजी थरथरत येतो आणि टी, म्हणजे ठोक्याच्या शेवटचा उंचवटा, त्याचं शेपूट त्या थरथरीत बुडून जातं. पाच मिनिटं पडू द्या. घाम कोरड्या कापसाने टिपा, मग जेली लावा. लाल, पिवळा, हिरवा हा सिग्नलचा क्रम उजव्या हातापासून सुरू करून डावा हात, डावा पाय असा फिरवायचा. उरलेला काळा उजव्या पायाला. हातभर चुडा असेल तर काढायला लावून बाईमाणसाला कानकोंडं करू नका, चिमटा थोडा वर सरकवा, क्यूटीला त्याने काही होत नाही. दार लावा, अंगावर चादर टाका. लाजेने अंग आखडलं की स्नायूंची थरथर कागदावर उतरते.

वेग २५, उंची १०. म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर कागद सरकतो, एका मिलिव्होल्टला रेघ १० मिलिमीटर चढते, एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा आणि जाड रेघांचा मोठा चौकोन २०० चा. पुढचं सगळं गणित एवढ्यावरच उभं आहे. लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक दिशा; त्यातल्या लीड टूची लांब पट्टी घ्या, निदान दहा सेकंदांची. कागद वाचवणाऱ्यांवर माझा राग आहे.

मैदान भरतं कसं, रिकामं होतं कसं

क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकदार भागाच्या, सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी, हे पाठ सगळ्यांचं असतं. ते लांबतं का, हे विचारलं की मुलं खाली बघतात. त्यांना मी संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या, वेळचं होम मैदान डोळ्यांसमोर आणायला सांगते.

गड्डा भरलाय. एका बाजूचं मोठं फाटक क्षणभर उघडलं आणि गर्दी एकदम आत घुसली. हृदयाच्या पेशीत हे काम सोडियम करतं. निवांत असताना पेशीच्या आत बाहेरच्या मानाने उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो. शेजारच्या पेशीकडून सिग्नल आला की सोडियमची दारं उघडतात, धन भार असलेले कण आत धावतात आणि मिलिसेकंदा-दोन मिलिसेकंदांत दाब शून्याच्या वर जातो. लाखो पेशींत एकामागून एक हे घडतं त्याचा क्यूआरएस दिसतो. फाटक लगेच बंद होतं.

मग मैदान भरलेलंच राहतं. कॅल्शियम दुसऱ्या लहान दाराने सावकाश आत येत असतं आणि पोटॅशियम मागच्या दारांनी बाहेर जात असतं. जेवढे येतात तेवढेच जातात, म्हणून रेघ सपाट राहते. तो एसटी. हळूहळू कॅल्शियमचं दार मिटतं, पोटॅशियमची दारं जास्त उघडतात आणि मैदान रिकामं होतं. ते रिकामं होणं म्हणजे टी. मज्जातंतूत हा सगळा खेळ मिलिसेकंदा-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. हृदयाच्या पेशीत तो ३०० मिलिसेकंदांच्या आसपास चालतो, कारण तिला मध्ये आकुंचन पावून रक्त ढकलायचं असतं आणि ते होईपर्यंत दुसरा सिग्नल आत घ्यायचा नसतो.

बाहेर पडायची मुख्य फाटकं दोन. एक झटपट चालणारं, एक सावकाश. झटपट दार बनवण्याचा नकाशा केसीएनएच-टू नावाच्या जनुकात असतो, सावकाश दाराचा केसीएनक्यू-वनमध्ये. आता समजा घराण्यात जन्मापासूनच यातलं एक फाटक अर्धवट उघडणारं आलं. गर्दी बाहेर पडेल, पण उशिरा. किंवा उलटं: बाहेरची दोन्ही ठीक, पण आत येण्याचं सोडियमचं फाटक पुरतं लागत नाही, फटीतून लोक येतच राहतात. तो नकाशा एससीएन-फाइव्ह-ए या जनुकात. तिन्ही बाबतींत मैदान उशिरा रिकामं होतं आणि कागदावर टी उजवीकडे सरकतो. जन्मजात लाँग क्यूटीच्या ज्या कुटुंबांत जनुक सापडतो, त्यातल्या बहुतेकांत या तिघांपैकीच एक असतो. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत हे तिन्ही जनुक सापडले. आजार मात्र त्याआधी कित्येक वर्षं ईसीजीवर लोकांना दिसत होता.

कर्कटक लावताना

हा भाग एका खऱ्या कागदावरून सांगते. विडी घरकुलातली १७ वर्षांची मुलगी. पहाटे पाचला मोबाईलचा अलार्म वाजला की दचकून उठायची आणि कधी कधी बसल्या जागी कोसळायची. डोळे वर जायचे, हातपाय झटकायचे, मिनिटभरात शुद्धीवर. दोन वर्षं फिटच्या गोळ्या चालू होत्या. मेंदूचा आलेख काढला होता, त्यात काही नव्हतं. दुसऱ्याच एका दुखण्यासाठी ऑपरेशन ठरलं, भुलीच्या डॉक्टरांनी ईसीजी मागवला आणि ती माझ्या पलंगावर आली.

मशीनने छापलं: क्यूटी ३७०, क्यूटीसी (नाडीचा हिशेब धरून दुरुस्त केलेला क्यूटी) ४३६, नॉर्मल.

मी कर्कटक काढलं. आई दाराशी उभी होती, म्हणाली, "काय मोजलालाव मॅडम? कापडं शिवायचीत का तिला?"

पहिलं काम लीड निवडायचं. लीड टू घ्या. त्यात टी चपटा असेल तर छातीवरचं व्ही-फाइव्ह. क्यूची सुरुवात सापडायला त्रास नसतो, रेघ जिथे पायवाट सोडते तिथे कर्कटकाचं एक टोक. कस लागतो तो टीच्या शेवटाला. टी उतरताना शेवटी रेंगाळतो, कुठे संपला म्हणायचं यावर दोन माणसांत एक चौकोन सहज फरक पडतो, म्हणजे ४० मिलिसेकंद. म्हणून डोळ्याने ठरवायचं नाही. टीची उतरण जिथे सगळ्यात तीव्र आहे तिथे पारदर्शक पट्टी टेकवून पेन्सिलने सरळ रेघ खाली ओढायची. ती रेघ पायाच्या रेषेला जिथे छेदते, तिथे टी संपला. शेपूट सोडून द्यायचं. भूमितीत याला स्पर्शिका म्हणतात. या पद्धतीने मी मोजलं काय आणि नवख्या मुलाने मोजलं काय, आकडा जवळपास तोच येतो.

टीच्या मागे कधी कधी एक छोटा उंचवटा येतो, तो यू. तो धरायचा नाही. पण टीलाच उंटासारखी दोन मदारी असतील तर दुसरीही टीचीच, ती धरायची. फरक असा ओळखायचा: यू बारीक असतो आणि टी खाली येऊन टेकल्यावर सुरू होतो. दुसरी मदार मात्र पहिली टेकायच्या आतच वर चढते आणि अंगाने भरीव असते, पहिलीच्या निम्म्याहून मोठी. तरी शंका राहिली तर एव्हीआर आणि एव्हीएल ही लीड बघा, तिथे यू बहुधा दिसतच नाही.

या मुलीचा टी दोन मदारींचा होता. मशीनने पहिली मदार उतरलेली पाहिली आणि तिथेच टी संपवला. माझं कर्कटक दुसरीच्या शेवटी ११ चौकोनांवर थांबलं: ४४० मिलिसेकंद. त्याआधीच्या दोन आर-टोकांमधलं, म्हणजे क्यूआरएसच्या उंच टोकांमधलं, अंतर १८ चौकोन: ७२० मिलिसेकंद, म्हणजे नाडी ८३.

आता हे ४४० जास्त की ठीक? नाडीवर अवलंबून. ठोके जलद झाले की क्यूटी आपोआप आखडतो, म्हणून मिनिटाला ६० च्या नाडीवर तो किती असता ते काढायचं. १९२० साली बॅझेटने दिलेलं सूत्र आजही चालतं: क्यूटीला आर-आरच्या वर्गमुळाने भागा, आर-आर सेकंदांत. ०.७२ चं वर्गमूळ ०.८४९. ४४० भागिले ०.८४९ म्हणजे ५१९ च्या घरात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण असतं, सापडलं नाही तर मोबाईल आडवा धरा. हेच ४४० जर आर-आर पूर्ण एक सेकंद असताना आलं असतं, तर क्यूटीसी ४४० च राहिला असता आणि मी कागद निवांत पुढे दिला असता.

एका ठोक्यावर थांबू नका. तीन ते पाच ठोके मोजा, प्रत्येकासोबत त्याच्या लगेच आधीचं आर-आर घ्या आणि सरासरी काढा. गडबडीत असाल तर डोळ्याने एवढं तरी बघा: टीचा शेवट दोन आरच्या मध्यबिंदूच्या पलीकडे गेलाय का? नाडी ६० ते ९० च्या दरम्यान असताना गेला असेल तर कर्कटक काढा. या मुलीचा मध्यबिंदू ९ वर होता आणि टी ११ ला संपत होता.

बॅझेटच्या सूत्रातली खोट सांगून ठेवते. नाडी १०० च्या वर गेली की ते क्यूटीसी फुगवून दाखवतं, ५० च्या खाली कमी दाखवतं. रडणाऱ्या पोराचा १४० च्या नाडीवरचा क्यूटीसी बघून आईबापांना घाबरवू नका. पोर झोपू द्या, परत काढा. त्याच १९२० सालचं फ्रिडेरिसियाचं घनमुळाचं सूत्र जलद नाडीला जास्त धड वागतं. त्याने या मुलीचा आकडा ४९१ येतो. दोन्ही लिहून द्यायची माझी सवय आहे.

पुरुषात ४५० पर्यंत आणि बाईत ४६० पर्यंत चालतं असं ढोबळ धरतात. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या ईसीजींत ४८० किंवा वर येत राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर जन्मजात आजार धरतात. ५०० च्या वर म्हणजे धोका खरा. खालच्या बाजूने मात्र निर्धास्त होता येत नाही: जनुकातला दोष घेऊन जन्मलेल्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याचा साधा ईसीजी नॉर्मल हद्दीतच येतो.

मी पेन्सिलने ५१९ लिहिलं, गोल केला आणि कागद घेऊन स्वतः डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिची जुनी फाइल उघडली. आत दोन वर्षांपूर्वीचा एक ईसीजी होता. तीच दोन मदारी. वर मशीनचं "नॉर्मल", आणि कोपऱ्यात काढणाऱ्याची आद्याक्षरं. माझी. त्या दिवशी किती पेशंट होते, लाईट गेली होती का, मला काही आठवत नाही. कर्कटक तेव्हाही खणातच होतं.

टीचा आकार बघा, नुसती लांबी नको

त्या फाइलनंतर मी आकार बघायला शिकले. शिकले म्हणजे डॉक्टरांच्या मागे लागून.

सावकाश फाटकाचा दोष असेल तर टी रुंद बुडाचा, पसरट येतो. हे फाटक ॲड्रेनलिनने जास्त उघडतं, पळताना क्यूटी आखडायला त्याचाच आधार असतो. तेच बिघडलं तर नाडी वाढते आणि क्यूटी हवा तेवढा आखडत नाही. म्हणून ही माणसं पळताना, भांडताना आणि विशेषकरून पोहताना पडतात.

झटपट फाटकाचा दोष असेल तर टी बुटका, खाच पडलेला, दोन मदारींचा. ही माणसं अचानक आवाजाने दचकून पडतात: अलार्म, फोन, दाराची बेल. बाईला बाळंतपणानंतरचे काही महिने जास्त जोखमीचे.

सोडियमचं फाटक नीट लागत नसेल तर एसटी लांबलचक सपाट आणि शेवटी अचानक टोकदार टी. इथे झोपेत, नाडी मंद असताना घडतं.

आकारावरून जनुक छातीठोक सांगता येत नाही. रक्त मोठ्या लॅबला पाठवून जनुकाची तपासणी होते, आणि तिच्यातही कधी "बदल आहे, पण त्याचा अर्थ निश्चित नाही" असं उत्तर येतं. ते उत्तर म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. लोक त्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतात.

झटपट फाटकाबद्दल एक गंमत. त्याचं शास्त्रातलं नाव अजूनही एका माशीवरून चालतं. ईथरने बेशुद्ध केल्यावर पाय थरथरवत नाचणाऱ्या फळमाश्या एका संशोधकाला १९६० च्या दशकात सापडल्या, त्यांच्या जनुकाला "ईथर-अ-गो-गो" नाव पडलं, आणि माणसातला त्याचा भाऊबंद तो हर्ग. या हर्गच्या दाराची आतली पोकळी ऐसपैस आहे, आणि नाना प्रकारची औषधं तिच्यात जाऊन अडकतात. म्हणजे जन्मजात दोष नसलेल्यालाही गोळीने लाँग क्यूटी होऊ शकतो. ज्याला जन्मजात आहे त्याला तर एक गोळी पुरते.

टी लांबला तर बिघडतं काय

पेशंटचे नातेवाईक इथेच विचारतात: मैदान जरा उशिरा रिकामं झालं तर झालं काय?

झालं असं की पेशी जास्त वेळ अर्धवट भरलेल्या अवस्थेत थांबली. त्या दाबावर मिटलेली कॅल्शियमची दारं पुन्हा उघडू शकतात. गर्दी अजून निघालेली नाही आणि पहारेकऱ्याने लहान दार परत उघडलं. आत नवा लोंढा, पेशीचा दाब मध्येच पुन्हा वर. शेजारच्या पेशींपैकी काही तोवर रिकाम्या झालेल्या असतात, काही नसतात. सगळ्या एकाच वेळी मोकळ्या झाल्या असत्या तर हा अवेळी ठोका विझून गेला असता. पण त्याला कुठे वाट मोकळी मिळते, कुठे बंद, आणि तो वळसा घेत फिरायला लागतो.

कागदावर तेव्हा क्यूआरएसची टोकं वर-खाली पीळ खात जातात, सुतळी वळल्यासारखी. १९६६ साली एका फ्रेंच डॉक्टरांनी याला "टोकांचा पीळ" अशा अर्थाचं नाव दिलं, तेच टोर्साद द प्वांत. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, पण रक्त पुढे जातच नाही. मेंदूला रक्त मिळालं नाही की माणूस कोसळतो, झटके येतात. बहुतेकदा पीळ आपोआप सुटतो आणि माणूस उठून बसतो, पाणी मागतो, म्हणून लोक "फिट आली होती" म्हणतात. सुटला नाही तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची नुसती थरथर.

फिटशी गल्लत होऊ नये म्हणून दोन-तीन प्रश्न विचारत जा. पडण्याआधी काय चाललं होतं? आवाज, धावपळ, भीती? पडताना चेहरा पांढरा पडला का? शुद्धीवर आल्यावर लगेच नीट बोलली की अर्धा तास गुंगीत होती? पांढरी पडली आणि लगेच ताळ्यावर आली असेल तर हृदयाकडे बघा. मी तर म्हणते, पहिली फिट आलेल्या प्रत्येक पोराचा एक ईसीजी निघालाच पाहिजे, आणि हाताने मोजून.

कुणी कोसळलं, हलवून उठत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला फोन, आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने जोराने दाबत राहायचं, मदत येईपर्यंत.

घराण्याचा कागद

एकाचा क्यूटी लांब निघाला की माझं निम्मं काम उरलेलं असतं. हा आजार बहुतेक घरांत आईबापापैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. १९६३ साली इटलीत रोमानो आणि १९६४ साली आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी अशी कुटुंबं मांडली.

मोठा कागद घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजी-आजोबांपासून सुरू करा. आणि प्रश्न वैद्यकीय भाषेत विचारू नका, "घरात कुणाला हार्टचा त्रास?" म्हटलं की सगळे नाही म्हणतात. असं विचारा:

पट्टीचा पोहणारा असून विहिरीत बुडालेला कुणी? आपल्याकडे त्याला "आसरांनी ओढलं" म्हणून विषय संपवतात. रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही असा तरणाताठा कुणी? तान्हं बाळ पाळण्यातच गेलं असं? फिटच्या गोळ्या खाणारं कुणी? समोर काही नसताना गाडी घेऊन खड्ड्यात गेलेला? जन्मापासून ऐकू न येणारं मूल?

शेवटच्या प्रश्नाचं कारण सांगते. नॉर्वेत १९५७ साली येर्वेल आणि लांगे-निल्सेन यांनी सहा भावंडांचं एक घर मांडलं. त्यातली चार जन्मतः बहिरी, चौघांनाही घेरी येऊन पडायचा त्रास, आणि चारांतली तीन अचानक गेली. सावकाश फाटकाचंच दार कानाच्या आतल्या भागातही असतं. तिथल्या द्रवात पोटॅशियम भरायचं काम ते करतं, आणि त्याशिवाय ऐकू येत नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तर कानही जातो आणि हृदयाचा आजारही जास्त तीव्र होतो. दोन्हीकडून एकच दोष यायची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते. आमच्या भागात मामाची पोरगी करतात, मामा-भाचीचंही लग्न होतं. मी कुणाच्या सोयरिकीवर बोलायला जात नाही, पण बहिऱ्या मुलाचा ईसीजी मात्र मी फुकट काढून देते.

त्या मुलीच्या आईला मी हे प्रश्न विचारले तेव्हा ती आधी नाही-नाही म्हणाली. मग म्हणाली, "माझी थोरली बहीण होती. बाळंतीण होती, दोन महिने झाले होते. पहाटे मिलचा भोंगा झाला, दचकून उठून बसली आणि पडली ती पडलीच. मी नऊ वर्षांची होते." घरात सगळ्यांनी बाहेरचं लागलं म्हणून मान्य केलं होतं. मिल बंद पडून किती वर्षं झाली. भोंगा गेला, त्याच्या जागी अलार्म आला, आणि घराण्यातलं ते अर्धवट फाटक मावशीपासून भाचीपर्यंत तसंच होतं.

आईचा ईसीजी तिथल्या तिथे काढला. टीला बारीकशी खाच, क्यूटीसी ४७०. आयुष्यात एकदाही पडलेली नाही. एकाच घरात एकच दोष कुणाला पाडतो, कुणाला नाही.

औषध, उन्हाळा, अलार्म

डॉक्टरांनी दिलेली बीटा ब्लॉकरची, म्हणजे ॲड्रेनलिनचा जोर रोखणारी, गोळी, प्रोप्रॅनोलॉल किंवा नॅडोलॉल, चुकवायची नाही आणि स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. काहींना छातीत बसवायचं डिफिब्रिलेटर यंत्र लागतं, ते कुणाला हे हृदयाच्या विजेचे तज्ज्ञ ठरवतात.

टाळायच्या औषधांची यादी पाकिटात असली पाहिजे, नुसती फाइलमध्ये नको. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळणारी बरीच नावं तिच्यात आहेत: खोकल्याला अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लघवीच्या जळजळीला लेव्होफ्लॉक्सासिन, उलटीला ओंडान्सेट्रॉन, डोमपेरिडोन, बुरशीला फ्लुकोनॅझोल, सांध्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मनाच्या आजारांत हॅलोपेरिडॉल, एस्सिटॅलोप्राम. क्रेडिबलमेड्स या संकेतस्थळावर पूर्ण यादी मिळते आणि ती बदलत राहते. कुठल्याही डॉक्टरसमोर, दाताच्यासुद्धा, पहिलं वाक्य "मला लाँग क्यूटी आहे" हेच.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते. जुलाब-उलट्या झाल्या की शरीरातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जातं. पोटॅशियम बाहेर काढणारं दार, म्हणून रक्तात पोटॅशियम कमी झालं तर ते सोपं चालेल असं वाटतं. घडतं उलट: रक्तातलं पोटॅशियम घटलं की हर्गचं दार आणखी आळसावतं आणि क्यूटी लांबतो. वर उलटीला ओंडान्सेट्रॉनचं इंजेक्शन मिळालं की दोन्ही एकदम. म्हणून ओआरएस घरात ठेवा, आणि जुलाब थांबत नसतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठा. नारळपाणी चालतं, पण ओआरएसच्या जागी नाही.

त्या मुलीच्या घरी मोबाईल झोपायच्या खोलीतून बाहेर गेला. आई स्वतः उठून तिच्या पायाला हात लावून हळू उठवते. यात्रेच्या दिवसांत शोभेच्या दारूकामाला ती जात नाही, गच्चीवरून लांबून बघते. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. धाकट्या भावाचा मी तीनदा मोजला: ४१०, ४१५, ४०८, टी एकाच मदारीचा. तरी जनुकाचा रिपोर्ट येईपर्यंत त्याचं नाव घराण्याच्या कागदावर पेन्सिलनेच आहे.

मावशीचं ते दोन महिन्यांचं बाळ आता चाळिशीचा माणूस आहे, भिवंडीत लूमवर. त्याला फोनवर सांगितलंय, कुठूनही ईसीजी काढ, पण मशीनचा आकडा कळवू नकोस, शेजारी पट्टी ठेवून अख्ख्या कागदाचा फोटो पाठव. अजून आलेला नाही. दर सोमवारी मी त्याच्या मावशीला विचारते.